पेन्शनवर यायला वर्ष उरलं: ईसीएचएसवर भागेल की खासगी पॉलिसीही घ्यावी? (नागपूर-कामठी)

फौजी_वहिनी

नमस्कार मंडळी. आमचे हे पुढच्या वर्षी पेन्शनवर येत आहेत. नायब सुभेदार आहेत, २८ वर्षांची सर्व्हिस पूर्ण होईल. मी आणि मुलं मानकापूरला राहतो. आजवर ताप असो की बाळंतपण, कामठीचं एमएच (मिलिटरी हॉस्पिटल) गाठायचं आणि निश्चिंत व्हायचं. बिल नावाचा कागद घरात कधी आलाच नाही. आता एमएचच्या जागी ईसीएचएस (माजी सैनिकांची सरकारी आरोग्य योजना) येणार, आणि त्याबद्दल जितकी तोंडं तितक्या गोष्टी ऐकते आहे.

घरची माणसं अशी: मुलगा २३ चा, एमपीएससीच्या मागे. मुलगी बारावीत. सासू-सासरे काटोलकडे गावी, थोडी संत्र्याची बाग आहे. सासऱ्यांना साखर, आणि आता गुडघे धरलेत. ओळखीतले एक विमावाले येऊन सांगून गेले, ईसीएचएसच्या भरवशावर राहाल तर पस्तावाल, सगळ्यांची पॉलिसी आत्ताच काढा. हे म्हणतात, सरकारनं जन्मभराचं दिलंय, त्यावर आणखी पैसे कशाला घालायचे? ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा.

पलटणवाले_काका

वहिनी, मी सुभेदार मेजर म्हणून निवृत्त, कामठी रोडला राहतो. ईसीएचएस सुरू झाली १ एप्रिल २००३ ला. त्यानंतर पेन्शनवर येणाऱ्याला ती सक्तीचीच आहे, त्यामुळे "घ्यावी की नाही" हा प्रश्नच नाही. वर्गणी एकदाच, निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या पैशातून कापतात. डिसेंबर २०१७ पासूनचे दर: हवालदारापर्यंत ३०,०००, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,०००, अधिकारी १,२०,०००. म्हणजे तुमचे ६७,००० जातील आणि दवाखान्यात सेमी प्रायव्हेट खोलीचा हक्क राहील. हवालदारापर्यंत जनरल वॉर्ड, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना वर्गणी माफ आहे.

त्यानंतर हप्ता नाही. जुनं दुखणं असलं तरी पहिल्या दिवसापासून उपचार. अमुक लाखांपर्यंतच, अशी मर्यादाही नाही. बाजारातली कुठली पॉलिसी हे देते ते दाखवा. मर्यादा आहे ती वाटेची. आधी पॉलिक्लिनिक (ईसीएचएसचा स्वतःचा दवाखाना), तिथला डॉक्टर तपासणार, मग रेफरल, म्हणजे पुढं पाठवण्याची चिठ्ठी. एमएचमध्ये सोय आणि खाट असेल तर आधी तिकडे, नाहीतर पॅनेलवरचं, म्हणजे ईसीएचएसशी करार असलेलं, हॉस्पिटल. पॅनेलवरचं कोणतं, ते तुम्ही निवडायचं, डॉक्टरनं नाही. ही वाट सोडली की भानगड सुरू.

एक विसरू नका. महिना १,००० रुपयांचा जो मेडिकल अलाउन्स पेन्शनरांना मिळतो, तो ईसीएचएसवाल्यांना नाही. शेजारच्याच्या पेन्शनमध्ये दिसला म्हणून भांडायला जाऊ नका.

झिरो_माईल

काका, कागदावर सगळं झकास आहे बाप्पा. पण रात्री अडीचला पॉलिक्लिनिक उघडं नसते ना.

बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा आम्ही वर्धा रोडला होतो. जे हॉस्पिटल आधी लागलं तिथं घातलं. ते पॅनेलवर नव्हतं. जीव वाचला, ते महत्त्वाचं. पैसे सगळे आधी भरले. सकाळी भावानं पॉलिक्लिनिकला मेलही केला आणि जाऊन पत्रही देऊन पोच घेतली, कारण नियम ४८ तासांचा आहे. मग क्लेम. पैसे आले, पण सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दरानं. हॉस्पिटलनं लावलेला दर आणि सरकारी दर यात जे अंतर होतं ते आमच्या खिशातून गेलं, आणि ते काही शे-दोनशे नव्हतं.

तर वहिनी, जन्मभराचं दिलंय हे खरं. सगळंच दिलंय, हे नाही.

पलटणवाले_काका

झिरो माईल, ते पॅनेलवरचं असतं तर एक रुपया लागला नसता. इमर्जन्सीत रेफरल लागत नाही. कार्ड दाखवून थेट भरती व्हायचं, पॉलिक्लिनिकला कळवणं मग त्या हॉस्पिटलचं काम. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, आपल्या घरापासून जवळचं पॅनेलवरचं हार्टचं हॉस्पिटल कोणतं, अपघात झाला तर कोणतं, हे लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवा.

मेडिकल_चौक

मी डॉक्टर आहे, काही काळ एका पॉलिक्लिनिकमध्ये कंत्राटावर काम केलं (तिथला बहुतेक स्टाफ कंत्राटीच असतो, ऑफिसर इन्चार्जसुद्धा). काकांच्या फ्रिजवरच्या यादीत एक भर घालतो. हॉस्पिटल "पॅनेलवर आहे" एवढं कळून पुरत नाही. ते कोणत्या विभागासाठी आहे ते बघा. एकाच इमारतीत हृदयविकारासाठी करार असतो आणि कॅन्सरसाठी नसतो. शिवाय करार मुदतीचे असतात, संपतात, पुन्हा होतात. यादी ईसीएचएसच्या संकेतस्थळावर आहे. गेल्या दिवाळीत छापून घेतलेला कागद यंदाच्या उन्हाळ्यात चालेलच असं समजू नका.

लोक वैतागतात ते रेफरलवर. सकाळी नंबर लावा, डॉक्टर बघणार, मग संगणकावर रेफरल, मग हॉस्पिटलमध्ये पुन्हा ओपीडी. स्पेशालिस्टनं नवी तपासणी किंवा ऑपरेशन सांगितलं की ते पुन्हा पॉलिक्लिनिकमधून मंजूर करून घ्यायचं. मे महिन्यात ४५ डिग्रीत हे हेलपाटे नकोसे होतात, मान्य. पण दुसरी बाजू मी आतून पाहिली आहे. कंबर दुखते म्हणून थेट एमआरआय मागणारे दहा असतात, त्यातल्या बहुतेकांना फिजिओथेरपीनं बरं वाटतं. कोणीतरी एक डॉक्टर मधे असणं वाईट नाही. तो डॉक्टर दर काही महिन्यांनी बदलतो, खरी अडचण ती आहे.

तुमच्या सासऱ्यांच्या वयाचं लिहिलं नाहीत. एका ठरावीक वयाच्या वरच्या ज्येष्ठांना पॅनेलवरच्या हॉस्पिटलच्या ओपीडीत रेफरलशिवाय थेट दाखवता येतं. तिथं सांगितलेल्या तपासण्या मात्र पॉलिक्लिनिकच्या शिक्क्यानंच.

फौजी_वहिनी

डॉक्टरसाहेब, सासरे ७१ चे आहेत. पण एक विचारायचं राहिलंच, त्यांचं कार्ड निघेल ना? बाग त्यांच्याच नावावर आहे.

पलटणवाले_काका

इथं सांभाळून. आईवडील अवलंबित धरले जातात ते दोघांचं मिळून उत्पन्न महिन्याला ९,००० अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी असेल तरच. उत्पन्न म्हणजे सगळं: शेती, घरभाडं, कुठली पेन्शन असेल तर ती. मृगाचा बहार चांगला आला आणि अख्ख्या बागेची संत्री व्यापाऱ्याला दिली, त्या वर्षी काटोलचा शेतकरी या रेषेच्या वर जाऊ शकतो. खोटं प्रतिज्ञापत्र करू नका. उद्या कोणी तक्रार केली तर कार्ड बंद होतं आणि वसुलीही लागते.

आणि साहेबांना आजच विचारा, आईवडिलांची नावं पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैनिकाच्या घरच्यांची लष्करी नोंद) आहेत का? सर्व्हिसमध्ये असताना हे युनिटच्या क्लार्ककडून होतं. पेन्शनवर आल्यावर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं.

संत्रानगरी_विमा

विमावाल्यांची बाजू मांडतो, कारण तो धंदा मीही करतो. (मानकापूरला आलेला मी नाही!)

सहा जणांची पॉलिसी विकणाऱ्यानं तुमच्या घराकडे नीट बघितलेलं नाही. तुमच्याकडे ईसीएचएसच्या कुंपणाच्या आत कोण राहणार आणि बाहेर कोण पडणार ते आधी पाहू. तुम्ही दोघं जन्मभर आत. मुलगी लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत आत. मुलगा २५ झाला की बाहेर, आणि त्याआधी नोकरी लागली किंवा लग्न झालं तरी बाहेर. फक्त ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाची अट नाही. सासू-सासरे काकांनी सांगितलेल्या उत्पन्नावर अवलंबून.

म्हणजे पॉलिसी हवी ती मुलाला. आत्ता २३ व्या वर्षी, धडधाकट असताना घेतली तर हप्ता कमी. शिवाय २०२४ पासून जुन्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ जास्तीत जास्त ३ वर्षांवर आणलाय, तोही त्याचा बराचसा तोवर निघून जाईल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. सासऱ्यांचं कार्ड निघालं नाही तर खासगी पॉलिसीचा आकडा बघून तुमचे डोळे पांढरे होतील, ७१ वय आणि मधुमेह म्हटल्यावर. त्यांच्यासाठी आयुष्मानचं ७० वर्षांवरच्यांचं कार्ड आहे, उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांचं छत्र. पण लक्षात घ्या, ईसीएचएस किंवा सीजीएचएस असलेल्यानं दोन्हीतलं एकच निवडायचं असतं.

तुम्हा दोघांसाठी पॉलिसी? पैसे जास्त झाले असतील तर घ्या. मी विकणारा आहे तरी सांगतो, ६७,००० भरून जे मिळतंय ते पुष्कळ आहे.

झिरो_माईल

ग्राहकाला नको म्हणणारा विमावाला पहिल्यांदा पाहून राहिलो. तुमचा नंबर संपर्कातून पाठवा भाऊ.

बर्डीचा_फार्मासिस्ट

औषधांचं कोणीच बोललं नाही, आणि रोजचा त्रास तर त्याचाच असतो. बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या पॉलिक्लिनिकच्या खिडकीवर मिळतात. सगळ्या एकाच वेळी मिळाल्या तर नशीब. जी नाही तिच्यावर "एनए" (नॉट अव्हेलेबल) लिहून देतात. मग ठरवून दिलेल्या केमिस्टकडून मागवतात, किंवा बाहेरून घेऊन बिलाची भरपाई मागायची. माझ्या काउंटरवर असे काका रोज येतात आणि बिल खिशात चुरगाळून नेतात. चिठ्ठी, त्यावरचा एनए शिक्का, आणि बॅच नंबर असलेलं पक्कं बिल, तिन्ही एकत्र टाचून ठेवा. कच्च्या बिलाला कोणी विचारत नाही.

कंपनीचं नाव बदललं की पेशंट घाबरतो. "मला ती पिवळी गोळी पाहिजे." अहो काकाजी, आतलं औषध तेच आहे. घटक आणि ताकद वाचून बघा, नाहीतर कोणत्याही दुकानात विचारा, फुकट सांगतात.

दत्तवाडी_७

मला वेगळंच सांगायचं आहे. माझी मावशी वायुसेनेतल्या सार्जंटची विधवा. काका गेल्यानंतर त्यांचं कार्ड बंद झालं, ते होणारच होतं. मावशीचं कार्ड फॅमिली पेन्शनर म्हणून नव्यानं करायचं होतं. पीपीओमध्ये (पेन्शनच्या आदेशात) तिचं नाव "शांताबाई", आधारवर "शांता", आणि बँकेत माहेरच्या आडनावासकट. तीन कागद, तीन बायका. जवळजवळ वर्ष त्यात गेलं. त्या वर्षात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आम्ही पैसे भरून केलं. एका हॉस्पिटलनं तर कार्डाची पावती असूनही डिपॉझिट मागितलं होतं (इथं हॉस्पिटलचं नाव होतं)

वहिनी, तुमच्याकडे अजून वर्ष आहे. आज संध्याकाळी बसा आणि पार्ट टू ऑर्डर, आधार, पॅन, बँक, मुलांची मार्कशीट समोर ठेवून प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं आम्हाला अर्जांचे नमुने दिले आणि कुठं काय पाठवायचं ते समजावलं. पेन्शनचं काम आता स्पर्श या ऑनलाइन पोर्टलवर चालतं, तिथंही नाव तेच लागतं.

संपादक

वरच्या प्रतिसादातलं हॉस्पिटलचं नाव काढलं आहे. तक्रारी संबंधित पॉलिक्लिनिकच्या ऑफिसर इन्चार्जकडे किंवा नागपूरच्या रीजनल सेंटरकडे लेखी करा. इथं नावं नकोत.

मेडिकल_चौक

डिपॉझिटबद्दल: पॅनेलवरच्या हॉस्पिटलनं रेफरल असलेल्या पेशंटकडून डिपॉझिट मागणं करारात बसत नाही. वाद घालू नका, ऑफिसर इन्चार्जना फोन लावून रिसेप्शनच्या हातात द्या. बहुधा तिथंच मिटतं. हॉस्पिटलांची कुरकुर एवढीच की सरकारकडून बिलं उशिरा येतात. ती खरीही असेल, पण त्याचा भार पेशंटवर टाकायचा नसतो. मात्र हक्कापेक्षा वरची खोली किंवा मंजूर मर्यादेपेक्षा महाग इम्प्लांट स्वतःहून मागितलं तर वरचे पैसे आपले. सासऱ्यांच्या गुडघ्यांच्या वेळी "इम्पोर्टेड टाकू का?" असं विचारतील तेव्हा हे आठवा. सही करण्याआधी आकडा लिहून मागा.

अग्निवीराची_आई

मी पहिल्यांदाच लिहून राहिले, सांभाळून घ्या. माझा पोरगा अग्निवीर आहे, पहिल्या बॅचचा. जानेवारी २०२३ ले ट्रेनिंगले गेला. त्याची चार वर्षं आता भरतीन. त्याले हे कार्ड भेटन का? आमच्या गावात कोणी म्हणते भेटते, कोणी म्हणते नाही.

पलटणवाले_काका

ताई, स्पष्टच सांगतो. नाही. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही आणि कॅन्टीनही नाही. अग्निपथच्या अटींतच ते लिहिलेलं आहे. सर्व्हिसमध्ये आहे तोवर त्याला एमएच आहे. बाहेर पडताना सेवा निधीचे व्याजासकट सुमारे ११.७१ लाख मिळतील. ज्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढं कायम ठेवतील ती आणखी किमान १५ वर्षं नोकरी करतील, त्यांना मग बाकी सैनिकांसारखं सगळं.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर इतकी वर्षं वर्दी घातलेल्या मला हे पटत नाही. चार वर्षं सीमेवर उभ्या राहिलेल्या पोराला वर्गणी भरून का होईना, दार उघडं हवं होतं. २०१९ मध्ये शॉर्ट सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांना, पेन्शन नसतानाही, वर्गणी घेऊन आत घेतलंच की.

अग्निवीराची_आई

बरं झालं सांगितलं काकाजी. मग ते पैसे आल्याबरोबर त्याच्या नावानं इन्शुरन्स काढून घेतो.

संत्रानगरी_विमा

ताई, पैसे येईपर्यंत थांबू नका असंही नाही आणि घाईही करू नका. तो घरी येईल तेव्हा त्याच्यासमोर घ्या. सेवा निधीतून "एकरकमी" काही विकायला कोणी आलं, गुंतवणूक आणि विमा एकत्र म्हणालं, तर चहा पाजा आणि परत पाठवा. साधी आरोग्य पॉलिसी, दर वर्षी हप्ता, एवढंच.

टेक्सासची_आत्या

मूळची धरमपेठची. माझा जावई अमेरिकी आर्मीत आहे, सॅन अँटोनियोला, म्हणून धागा वाचून गंमत वाटली. तिथल्या सैनिकांची आरोग्य योजना म्हणजे ट्रायकेअर. त्यात प्राइम आणि सिलेक्ट असे दोन प्रकार. प्राइम घेतलं की एक ठरलेला डॉक्टर असतो आणि स्पेशालिस्टकडे जायचं तर त्याचं रेफरल, अगदी तुमच्या पॉलिक्लिनिकसारखं. सिलेक्ट घेतलं तर बहुतेक ठिकाणी रेफरल नको, पण दर भेटीला पैसे मोजा. नोकरीतल्या सैनिकाला प्राइमच, घरच्यांना निवडता येतं. निवृत्तांना दर वर्षी फी आहे, एकदाच भरून सुटका नाही. मुलं २१ पर्यंत, पूर्णवेळ शिकत असतील तर २३, आणि पुढं २६ पर्यंत हप्ता भरून वेगळी योजना घेता येते. ही शेवटची सोय तुमच्याकडे हवी होती, नाही का?

आईवडिलांना मात्र तिथं आपल्यासारखं धरत नाहीत. जावयाची आई स्वतःच्या विम्यावर आहे.

झिरो_माईल

म्हणजे रेफरलची लाइन तिकडंही आहे. फक्त तिकडं एसी असन.

फौजी_वहिनी

सगळ्यांचे आभार. काल रात्री ह्यांच्याशी फोनवर बोलले. मुलाची एकट्याची पॉलिसी घ्यायची, आमच्या दोघांची नाही, हे ठरलं. सासऱ्यांच्या बागेचा हिशेब मागच्या वर्षांचा काढतोय. बसला तर कार्ड, नाहीतर आयुष्मान. दत्तवाडीकर, तुमचं ऐकून कागद समोर मांडले आणि निघालंच. सासूबाईंच्या आधारवर जन्मतारखेच्या जागी नुसतं साल आहे, आणि पार्ट टू मध्ये पूर्ण तारीख. आधी काय दुरुस्त करू?

आणि पेन्शननंतर कार्ड हातात येईपर्यंत मधल्या काळात काही झालं तर?

पलटणवाले_काका

आधी आधार. पार्ट टू मधली तारीख बरोबर असेल तर तिला हात लावू नका. आधार दुरुस्त झालं की त्याची प्रत युनिटला पाठवा.

मधल्या काळासाठी तात्पुरती स्लिप मिळते, अर्ज ऑनलाइन केला की. तिच्यावर उपचार होतात. साहेबांना सांगा, अर्ज निवृत्तीच्या आधीच भरायचा, घरी येऊन सत्कार-जेवणं आटोपल्यावर नाही. रंगीत प्रत काढून एक काटोलला ठेवा, एक तुमच्या पर्समध्ये.

फौजी_वहिनी

उद्याच आधार केंद्रात जाते. पॉलिक्लिनिकला चौकशीला कधी गेलेलं बरं, गर्दी कमी कधी असते?

बर्डीचा_फार्मासिस्ट

सोमवार आणि सुट्टीनंतरचा दिवस सोडून कधीही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात औषधांची लाइन दाराबाहेर असते.